आधी काच, मग रबर, मग मोटर

बाळा, आता तू स्वतःची गाडी घेऊन कोल्हापूर-रत्नागिरी करणार, म्हणजे आंबा घाट भर पावसात चढणार आणि उतरणार. इंजिन, ब्रेक, टायर याबद्दल तुला घरचे-दारचे सगळे सांगतील. वायपरबद्दल कुणी सांगणार नाही. ऊन असेपर्यंत त्याची आठवण कुणालाच येत नाही, आणि येते तेव्हा गाडी साखरप्याच्या पुढे असते आणि वरून पाऊस ओतत असतो. ताशी ६० किलोमीटरनं चाललेली गाडी ३ सेकंदांत ५० मीटर जाते. तेवढा वेळ काच धूसर राहिली, तर ५० मीटर घाटरस्ता तू न बघता कापलास. एवढं ध्यानात ठेव आणि मग पुढचं वाच.

माझं आयुष्य गॅरेजात गेलं. वायपरची तक्रार घेऊन गाडी आली की मोटर गेलेली क्वचित सापडते. दोष बहुतेक वेळा काचेवर असतो, नाहीतर रबरात, नाहीतर एखाद्या ढिल्या नटात. तरी माणसं घाईनं मोटर बदलतात आणि पैसे घालवूनही काच तशीच राहते. म्हणून माझा पहिला मंत्र क्रमाचा आहे: काच, रबर, आर्म, लिंकेज, वीज आणि सगळ्यात शेवटी मोटर. बाहेरून आत जायचं, स्वस्तातून महागाकडे जायचं. हा क्रम मोडायचा नाही.

काच आधी ओळख

काच धूसर दिसली की आतल्या बाजूनं बोट फिरव. बोटाची रेघ उमटली तर तो बाष्पाचा थर आहे, वायपरचा त्यात काही दोष नाही. एसी चालू कर आणि हवा समोरच्या काचेवर सोड, अर्ध्या मिनिटात फरक दिसतो.

रेघ उमटली नाही तर थर बाहेरचा. पुढच्या ट्रकचा धूर, ओल्या डांबरी रस्त्यावरून उडणारा चिकट काळा चिखल, सर्व्हिसिंगच्या वेळी बॉनेटवर मारलेलं आणि काचेवर उडालेलं पॉलिश, या सगळ्याचा मिळून एक तेलकट पापुद्रा बसतो. नुसत्या पाण्यानं तो जात नाही. काचेवर पाणी मारून बघ. स्वच्छ काचेवर पाणी सलग पसरतं, तेलकट काचेवर ते फाटतं आणि थेंबाथेंबांनी बसतं. भांडी घासायच्या पातळ साबणाचे दोन-चार थेंब बादलीत टाक, मऊ स्पंजनं काच दोनदा धू आणि भरपूर पाण्यानं साबण काढून टाक. शेवटी वर्तमानपत्राचा ओला बोळा फिरवलास तरी चालेल. नवं ब्लेड आणण्याआधी एवढं कर. पुष्कळदा ब्लेड आणावंच लागत नाही.

आपल्याकडची दोन संकटं वेगळी आहेत. पहिलं आंब्याचं. मोहोराच्या दिवसांत आंब्याखाली गाडी लावली की तुडतुड्यांचा चिकटा काचेवर पडतो आणि त्यावर धूळ बसून कडक होते. दुसरं उसाच्या पट्ट्यातलं. गळीत हंगाम सुरू झाला की साखर कारखान्याच्या धुराड्यातली काळी राख काचेवर येऊन बसते. या दोन्हींवर कोरडा वायपर कधी फिरवू नकोस. राखेच्या कणानं काचेवर ओरखडा पडतो आणि चिकट्यानं रबराची धार फाटते. ओलं फडकं दहा मिनिटं काचेवर पसरून ठेव, मऊ झालं की धुऊन काढ.

रात्री समोरच्या गाडीचा उजेड पडला की काचेवर कमानीसारखे ओरखडे चमकतात, ते कोरडा वायपर चालवल्याचे. त्यावरून नख फिरव. नख अडकलं नाही तर पॉलिश करून ते फिके होतात. नख अडकलं तर पॉलिशच्या नादी लागू नकोस. तेवढी काच घासली की त्या जागी रस्ता वेडावाकडा दिसायला लागतो. अशी काच बदलावी.

रबराची भाषा

अमेरिकेत मेरी अँडरसन नावाच्या बाईंनी १९०३ मध्ये काच पुसायच्या साधनाचं पेटंट घेतलं. आत बसून हातानं फिरवायचा दांडा, आणि बाहेर काचेवर दाबून राहणारं रबर. मोटर त्यानंतर आली. काच पुसतं ते रबर, मोटर त्याला नुसती हलवते. हे ज्याला कळलं त्याला वायपर कळला.

ब्लेड उचलून रबराची कड उजेडात धर. चांगली कड सरळ आणि काटकोनी असते, दोन्ही बाजू सारख्या. वायपर वर जाताना ती खाली कलते आणि परत येताना, वहीचं पान उलटावं तशी, दुसऱ्या बाजूला पडते. उन्हानं रबर कडक झालं की ही उलटापालट थांबते. तेव्हा वायपर एका दिशेनं स्वच्छ पुसतो आणि परत येताना पाणी तसंच सोडतो. असं दिसलं की रबर संपलं समज.

बाकीच्या खुणा अशा वाचायच्या:

बारीक एकच रेघ राहते: त्या जागी कडेला खडा अडकलाय किंवा कड तुटलीय. ओल्या फडक्यानं कड पूस. रेघ तिथंच राहिली तर कड तुटली आहे.

रुंद पट्टा कोरा सुटतो: रबर तिथं काचेला टेकतच नाही. ब्लेडची चौकट वाकली आहे किंवा आर्मची स्प्रिंग सैल झाली आहे.

सगळीकडे पातळ धुकं राहतं: काच तेलकट आहे, मागं जाऊन काच धू.

वायपर थरथरत, टकटक करत जातो: काच तेलकट, रबर कडक किंवा आर्म पिळलेला. तिन्ही बघायचं, याच क्रमानं.

रबर पुसायचं ते ओल्या फडक्यानं, कड चिमटीत धरून टोकापासून टोकापर्यंत, फडक्याला काळं लागायचं थांबेपर्यंत. पेट्रोल, रॉकेल, डिझेल लावू नकोस. रबर मऊ होतं म्हणून जुने ड्रायव्हर डिझेलचा बोळा फिरवायचे. त्यानं रबर फुगतं आणि काचेवर तेलाचा थर बसतो, म्हणजे दुखणं दुप्पट होतं.

चौकट चांगली असेल तर नुसतं रबर बदलता येतं. रबराच्या दोन्ही बाजूंना स्टीलच्या पातळ पट्ट्या असतात, जुन्या पट्ट्या ज्या दिशेनं वाकलेल्या होत्या त्याच दिशेनं बसव. चौकटीचे चिमटे सगळे रबराच्या खाचेत गेलेत का ते एकेक बघ, कारण सुटलेली पट्टी काच ओरबाडते. पूर्ण ब्लेड आणायचं तर दोन्ही बाजूंची लांबी इंचांत मोजून ने. बऱ्याच गाड्यांत ड्रायव्हरच्या बाजूचं ब्लेड लांब असतं. मोठं घेऊन जास्त काच पुसू असा विचार करू नकोस, ती दोन्ही ब्लेडं एकमेकांत अडकतात.

आणि हे तर गिरवून ठेव: ब्लेड काढलेला आर्म उघडा उभा सोडायचा नाही. खाली जाड टॉवेलाची घडी ठेवायचीच. स्प्रिंगनं आर्म आपटला की लोखंडाचं टोक काचेवर बसतं आणि ब्लेडच्या पैशांच्या कामात काचेचा खर्च निघतो. आर्म उचललेला असताना बॉनेटही उघडू नकोस, रंग जातो.

आर्मचा पीळ आणि बुडाचा नट

थरथर गेली नाही तर पीळ तपास. काच ओली करून वायपर चालू कर आणि आर्म मधोमध आला की चावी बंद कर. ब्लेड तिथंच थांबेल. आता बाजूनं वाकून बघ. रबर काचेवर सरळ उभं दिसलं पाहिजे. एका बाजूला कललं असेल तर आर्म पिळलाय. धुलाईच्या ठिकाणी कुणी ओढला की असं होतं. तो दोन पान्यांनी हळू सरळ करतात. पहिल्यांदा जाणत्याच्या हातून करून घे आणि शेजारी उभी राहून बघ.

मोटरचा आवाज येतो, पण एकच आर्म हलतो? तर न हलणाऱ्या आर्मच्या बुडाचं प्लास्टिकचं टोपण काढ. खाली नट असतो. दातेरी स्पिंडलवर आर्म बसतो आणि नट त्याला आवळून धरतो. नट ढिला पडला की स्पिंडल आत फिरतो आणि आर्म जागेवर राहतो. नट आवळलास की काम झालं. आर्मच्या भोकातले दाते झिजून गुळगुळीत झाले असतील, तर कितीही आवळ, परत सुटणार. तेव्हा आर्मच नवा.

आर्म काढण्याआधी ब्लेड जिथं थांबतं तिथं काचेवर चिकटपट्टीची खूण कर. गंजलेला आर्म स्क्रूड्रायव्हरनं उचकटू नकोस, खालचं प्लास्टिक फुटतं. गंज सोडवायचं तेल मार, थोडा वेळ थांब, मग डावं-उजवं हलवत काढ. परत बसवताना आर्मशिवाय मोटर एकदा चालवून स्विचनं बंद कर, म्हणजे ती आपल्या थांब्यावर येऊन उभी राहील. मग खुणेवर ब्लेड धरून नट आवळ. हे न करता बसवलेला वायपर एकतर बॉनेटवर आपटतो नाहीतर काचेच्या खांबावर.

काचेखालची जाळी

दोन्ही आर्म थांबले आणि मोटर मात्र गुरगुरतेय, तर दोष लिंकेजमध्ये. काचेखालची काळी जाळी काढली की मोटर, तिचा छोटा दांडा आणि दोन्ही स्पिंडलना जोडणाऱ्या सळ्या दिसतात. सांध्यांवर नायलॉनचे बुश असतात. ते झिजले की आधी खडखड होते, ब्लेड जास्त लांब जायला लागतं, आणि एके दिवशी सळी निखळून पडते. काही गाड्यांना नुसता बुश मिळतो, काहींना सगळा सांगाडा घ्यावा लागतो. आधी बुश विचार.

हात घालण्याआधी चावी काढ आणि वायपरचा फ्यूजही काढ. ही मोटर लहान दिसते, पण गिअरमुळे तिच्यात जोर खूप असतो आणि बोट सळीत सापडलं की ती थांबत नाही.

वायपर मंद चालत असेल तर सळी मोटरपासून सोडव आणि स्पिंडल हातानं फिरव. सहज फिरला पाहिजे. रेटा द्यावा लागला तर स्पिंडल गंजून धरलाय. साफ कर, तेल-ग्रीस दे. मोटर बिचारी चांगली असते, ओझं तिला पेलवत नाही. गंज का येतो तेही बघ. जाळीखालच्या पन्हाळीत गुलमोहराची, चिंचेची बारीक पानं साठतात, दोन्ही कडांची पाणी जायची भोकं बुजतात आणि मोटर पावसाळाभर पाण्यात उभी राहते. ती पानं हातानं काढ. पाण्याच्या झोतानं ढकललीस तर भोकं आणखी घट्ट बुजतात. शेवटी तांब्याभर पाणी ओतून ते चाकामागे खाली गळताना दिसलं पाहिजे.

मुका वायपर

आवाजच नाही, तर आता विजेकडे ये. पहिला फ्यूज. झाकणावरच्या तक्त्यात वायपरचा फ्यूज शोध. जळला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाल. मोठा फ्यूज किंवा तार घालायची नाही, कारण मग फ्यूजऐवजी वायरिंग जळतं. नवा फ्यूज लगेच उडाला तर कुठंतरी काहीतरी अडकलंय किंवा वायर घासलीय. शोधल्याशिवाय तिसरा घालू नकोस.

फ्यूज ठीक असेल तर मोटरच्या कपलरवर मल्टिमीटर लाव आणि स्विच चालू कर. १२ व्होल्टच्या आसपास वीज येतेय आणि मोटर गप्प, तर अर्थिंगची वायर बघ. गंजलेला बोल्ट घासून आवळला की पुष्कळ मोटरी जिवंत होतात. अर्थिंगही चांगलं असेल तर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं मोटरवर हलके दोन ठोके दे. फिरायला लागली तर आतले कार्बन झिजलेत. ती घरापर्यंत पोचवेल, पण तिच्यावर विसंबून घाटात जाऊ नकोस. कपलरवर वीजच येत नसेल तर दोष मागं आहे, रिलेत किंवा स्टिअरिंगखालच्या स्विचमध्ये.

मोटरीत बहुधा तीन कार्बन असतात: एक सामायिक, एक हळू वेगाचा, एक जलद वेगाचा. म्हणून जलद चालतो पण हळू चालत नाही असं होऊ शकतं. तेव्हा हळूचा कार्बन नाहीतर स्विच. फक्त थांबून-थांबून चालायचा प्रकार बंद पडला तर रिले. थोडा वेळ चालून मधेच थांबतो आणि थंड झाल्यावर परत सुरू होतो, तर मोटर तापून आतलं संरक्षण तुटतंय. ती का तापते ते स्पिंडलला विचार.

स्विच बंद केल्यावर ब्लेड खाली न येता काचेच्या मधे थांबतं, ही तक्रारही नेहमीची. मोटरच्या गिअरवर एक चकती असते. स्विच बंद केल्यावरही तिच्यावरून वीज मिळत राहते आणि ब्लेड खाली पोचलं की तो संपर्क तुटतो. त्या चकतीची पत्ती झिजली की ब्लेड वाटेल तिथं थांबतं, चिकटली तर थांबतच नाही.

जुन्या जीपचे वायपर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालायचे. चढावर अॅक्सिलरेटर दाबला की व्हॅक्यूम पडायचा आणि वायपर रेंगाळायचे. ड्रायव्हर क्षणभर पाय उचलून काच पुसून घ्यायचा. तुझ्या गाडीत तसं काही नाही. हळू वेगात मिनिटाला साधारण ४० ते ४५ फेऱ्या आणि जलद वेगात ६० च्या आसपास झाल्या पाहिजेत. ओल्या काचेवर घड्याळ लावून मोज. कमी भरल्या तर चढाला दोष देऊ नकोस, कारण शोध.

पाण्याची पिचकारी

पाण्याशिवाय वायपर म्हणजे कोरड्या चिखलावर रबर. पिचकारी येत नसेल तर बटण दाबून कान दे. मोटरचा बारीक आवाज येतो का?

आवाज येतो, पाणी नाही: आधी टाकी बघ. मग बॉनेटच्या बिजागरीजवळ नळीचा सांधा सोडवून बटण दाबायला कुणाला तरी सांग. तिथं पाणी आलं तर पुढचं छिद्र बुजलंय. नाही आलं तर नळी सुटली, मुडपली किंवा पावसाळ्यात आसऱ्याला आलेल्या उंदरानं कुरतडली आहे, नाहीतर टाकीतली जाळी गाळानं भरलीय.

आवाजच नाही: फ्यूज, कपलर, मग पंप, याच क्रमानं.

पाणी उशिरा येतं: नळीतली एकेरी झडप गेलीय, पाणी दर वेळी टाकीत परत उतरतं.

टाकीखाली ओल राहते: पंपाचं रबरी बूच कडक झालंय. फार स्वस्त वस्तू आहे, पण ती मिळेपर्यंत टाकी रिकामी.

बोअरच्या जड पाण्यानं छिद्रात पांढरा क्षार बसतो. छिद्राची तोटी काढून व्हिनेगरमध्ये भिजव आणि उलट बाजूनं हवा मार. सुई घालायचीच झाली तर हलक्या हातानं घाल, नाहीतर धार वाकडी होते. टाकीत गाळलेलं मऊ पाणी घाल, किंवा काचेसाठी मिळणारं द्रावण. कपडे धुवायची पावडर नको, ती तळाशी बसते आणि जाळी बुजवते. धार काचेच्या मध्यापेक्षा थोडी वर पडेल अशी लाव. गाडी वेगात असली की वारा तिला खाली दाबतो. टाकी रिकामी असताना बटण दाबून धरू नकोस, पंप पाण्यावरच थंड राहतो.

टाकीच्या झाकणावर वायपरची खूण असते. शेजारी कूलंटची टाकी असू शकते. खूण वाचल्याशिवाय काही ओतायचं नाही, दोन्हींतलं काहीही एकमेकांत गेलं की काम वाढतं.

घाटात बंद पडला तर

पहिलं काम थांबणं. दोन्ही बाजूंचे दिवे लुकलुकते ठेव आणि वळणापासून दूर, डोंगराच्या बाजूला, दरड नसलेल्या जागी थांब. फ्यूज बघ, बुडाचा नट बघ, मोटरवर ठोका देऊन बघ. ड्रायव्हरच्या बाजूचं ब्लेडच फाटलं असेल आणि दुसऱ्या बाजूचं त्या आर्मला बसत असेल, तर ते इकडे लाव आणि रिकाम्या आर्मवर जाड कापड गुंडाळून बांध. ट्रकवाले ओली तंबाखू काचेवर चोळतात. त्यानं पाणी थेंब न धरता पसरतं आणि थोडा वेळ दिसतं. कच्चा बटाटा कापून चोळला तरी तसंच होतं. हा उपाय रिमझिमीत जवळच्या वस्तीपर्यंत जायला आहे. मुसळधार पावसात त्यावर घाट उतरायचा नाही. पाऊस ओसरेपर्यंत बसून राहायचं, घरी फोन करायचा. उशिरा पोचलीस म्हणून कुणी रागावणार नाही.

रोहिणी नक्षत्र लागलं की एक सकाळ यासाठी काढ. काच धू, रबर उजेडात धर, पानं काढ, टाकी भर, फेऱ्या मोज. मृग सुरू व्हायच्या आत हे झालं पाहिजे. पहिल्या पावसानंतर गॅरेजवाल्याकडे रांग असते आणि दुकानात तुझ्या मापाचं ब्लेड संपलेलं असतं. गाडी गॅरेजात द्यावी लागली तर नुसतं "वायपर बघा" असं सांगू नकोस. वर जाताना पुसतो का, येताना सोडतो का, आवाज येतो का, कुठं थांबतो, हे नेमकं सांग. नेमकं सांगणाऱ्या माणसाला मोटर विकायची हिंमत कुणाला होत नाही.